वाढत्या अंगाचा कोट

लढाई संपल्याची बातमी आली तेव्हा ज्यांची पोरं पलटणीत होती त्यांनी पिंपरीत घरोघर गूळ वाटला. मीही हात पुढे केला, गूळ खाल्ला आणि घरी येऊन बायकोला म्हटलं, आता आपलं काही खरं नाही. ती म्हणाली, चांगल्या दिवशी असं अभद्र बोलू नये. पण मी खोटं बोलत नव्हतो. मी जातीचा आणि धंद्याचा शिंपी. लढाई चालू होती तोवर देहूरोडच्या लष्करी डेपोला माल पुरवणाऱ्या एका ठेकेदाराकडून खाकी कापडाचे गठ्ठे माझ्या ओट्यावर येऊन पडत. पिशव्या, चड्ड्या, तंबूचे पडदे, जे येईल ते मी शिवत होतो. इतकी वर्षं माझ्या मशीनला खाडा माहीत नव्हता. लढाई थांबली आणि गठ्ठे यायचे थांबले.

तुम्ही म्हणाल, तिकडे माणसं मेली त्याचं काही नाही आणि याला चड्ड्यांची पडलीय. पडलीच होती! पोट कुणाला चुकलंय? गरज सरो वैद्य मरो, तशातली गत झाली. पलटणीतली पोरं परत आली आणि त्यांना काम नव्हतं, डेपोतले हमाल घरी बसले, आणि कापड कंट्रोलात, रेशनवर मोजून मिळत असल्यामुळे गावातलं शिवणकामही आटलं. लग्नाच्या घरी पडवीत मशीन नेऊन बसायचं, आख्ख्या घराचे कपडे शिवायचे आणि सुगीला त्याचं धान्य घरी आणायचं, ही आमची जुनी चाल. पण लग्नाच्या घरीच कापड नाही, तर मी तिथं बसून काय शिवणार?

गावात कपडा शिवायची एक रीत होती. पुढचं सगळं त्या रीतीपायी झालं, म्हणून ती आधी सांगतो. कपडा नेहमी वाढत्या अंगाचा शिवायचा. पोराचा सदरा गुडघ्यापर्यंत, बाही बोटांच्याही पुढे, आणि शिवणीच्या आत दोन्हीकडून भरपूर कापड दुमडून ठेवायचं. या आत ठेवलेल्या कापडाला आम्ही माया म्हणतो. पोरगं वाढलं की शिवण उसवून सदरा मोठा करायचा, आणि त्याला तो पुरेना झाला की धाकट्याच्या अंगावर चढवायचा. मोठ्या माणसाचंही तसंच, कारण कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं. अंगाबरोबर शिवलेला सदरा दिसला की गाव म्हणणार, शिंप्यानं कापड चोरलं. माझ्या बापानं माझ्या हातात कात्री देताना एवढंच सांगितलं होतं, कपडा ढगळ झाला तर लोक हसतील, पण आखूड झाला तर आपली अब्रू जाईल.

गावाच्या पलीकडे माळावर लढाईच्या वेळी बांधलेल्या बराकी होत्या. लष्कर गेलं तशा त्या ओस पडल्या होत्या. मग फाळणी झाली, आणि सिंधमधून उठून आलेल्या माणसांना सरकारनं त्या बराकींत आणून ठेवलं. आम्ही त्याला कॅम्प म्हणू लागलो. सुरुवातीला गावाला त्यांची फार कीव आली. माझ्या बायकोनं, तिचं माहेर महाळुंग्याचं, हात सढळ, टोपलीभर भाकरी थापून पाठवल्या. मीच डोक्यावर टोपली घेऊन गेलो होतो. मायलेकरं गोणपाटाच्या आडोशाला बसलेली पाहून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, हे कबूल करतो.

पण ही माणसं काही रडत बसली नाहीत. कुणी हमरस्त्यावर गोळ्या-बिस्किटांची पेटी मांडली, कुणी स्टेशनात कंगवे आणि आरसे विकू लागला, कुणी बराकीच्या दारातच दुकान थाटलं. दोन-तीन पावसाळ्यांत तिथं बाजार उभा राहिला. आमच्या गावचे लोक, ज्यांनी त्यांना भाकरी दिली होती, तेच तिकडे तयार चड्ड्या-सदरे घ्यायला जाऊ लागले. आता मला कीव कुठून येणार? माझ्या पोटात दुखायला लागलं. साधं नाही, चांगलं मुरड्यासारखं.

त्यात एक बाई होती. वयानं माझ्याच आगेमागे. सिंधमध्ये तिच्या नवऱ्याचं कापडाचं मोठं दुकान होतं म्हणे. नवरा येताना वाटेतच आजारानं गेला, आणि ही म्हाताऱ्या सासूला घेऊन इथवर पोचली. तिनं सरकारच्या मदतीतून एक शिलाई मशीन मिळवलं. मशीन कसलं, पायानं चालवायचं, काळं कुळकुळीत, वर सोनेरी वेलबुट्टी. माझं हातानं फिरवायचं, बापाच्या वेळचं, त्याच्या चाकाची मूठसुद्धा मी बाभळीची बसवून घेतली होती. ते पायमशीन मी पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

घरी मी ओरडत सुटलो. आम्ही काय घोडं मारलंय सरकारचं? लढाईत आम्ही शिवलं, कंट्रोलात आम्ही मेलो, आणि मशीन मिळतंय कुणाला, तर परवा आलेल्याला! तिचं सगळं गेलं म्हणून तिला सगळं मिळतंय. आमचं काहीच गेलं नाही, म्हणून आम्हाला काहीच नाही. बायको चुलीपाशी होती. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

"मग तुमचंबी जाऊ द्या समदं," ती म्हणाली. "घर जाळा, मला पुरा, अन् लागा तिच्या मागं रांगंला."

मी गप्प बसलो. पण तोंड गप्प बसलं म्हणून पोट गप्प बसत नाही.

त्याच सुमाराला माळावर औषधाचा कारखाना उभा राहत होता. गावात एकच बोलणं, की कारखान्यात शेकडो माणसं लागणार आणि प्रत्येकाला पांढरा कोट घालावा लागणार. ते कोट कारखाना जवळपासच शिवून घेणार होता. मी मनाशी हिशेब बांधला. हे काम मिळालं तर ओट्यावर पुन्हा गठ्ठे पडतील आणि मी शिंपी म्हणून मरेन. नाही मिळालं तर मशीन बांधून माळ्यावर टाकायचं आणि त्याच कारखान्यात बाटल्या धुवायला जायचं. मधला रस्ता नव्हता. माझ्या दोन चुलतभावांनी तोवर मशिनी विकून बांधकामावर पाट्या उचलायला सुरुवात केली होती. शिंप्याच्या पोराच्या डोक्यावर चुंबळ पाहिली की मला कसंसंच व्हायचं.

कारखान्याच्या स्टोअरच्या साहेबांनी नमुना मागवला. साहेब पुण्याचे, बोलायला सौम्य. ज्याला शिवायचं त्यानं कापड घेऊन जावं, एक कोट शिवून आणावा, मग ठरवू. दोघांनीच कापड उचललं. एक मी आणि दुसरी ती.

आता मला चैन कसली पडते! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. दोरा संपल्याचं निमित्त करून मी कॅम्पात गेलो. तिनं मला ओळखलं. "मास्टरजी, बसा," म्हणाली, आणि त्यांच्या रीतीप्रमाणे आधी भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला पुढे ठेवला. पापड मिऱ्यांचा, खमंग. मला तोही डोळ्यात खुपला. यांचा पापडसुद्धा आमच्यापेक्षा चांगला असायची काही गरज होती का?

पापड खाता खाता मी सगळं पाहून घेतलं. बराकीत चार-पाच बाया कामाला होत्या, आणि एकाच्या जागी आता तीन मशीन होती. एक कापड बेतून कापत होती. एक नुसत्या बाह्या शिवत होती. दुसरी नुसते गळे. तिसरी खिसे. दिवसभर बाई बाह्याच शिवतेय, दुसरं काही नाही. मला हसू आलं. ज्याला आख्खा सदरा बेतण्यापासून बटणापर्यंत करता येत नाही त्याला आमच्यात कुणी शिंपी म्हणत नाही. आणि बाहेर दोरीवर पाहतो तर काय, कारखान्यानं दिलेलं ते कोरं पांढरं कापड हिनं न कापताच धुऊन वाळत घातलेलं. माझा विश्वासच बसेना. आमच्याकडे कोऱ्या कापडाला हळदीकुंकवाचं बोट लागतं, पाणी लागत नाही. धुतलं की खळ गेली, कडकपणा गेला, गिऱ्हाईक म्हणणार जुनं कापड माझ्या माथी मारलंस. हिनं सोन्यासारखं कापड घालवलं, असं म्हणत मी घरी आलो. मला इतका आनंद झाला की वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला सांगत आलो.

मग मी माझा कोट शिवायला घेतला. काय शिवला होता म्हणून सांगू! टीप कशी, तर एका रेषेत. गळा ताठ. बाह्या भरघोस, आत अशी माया ठेवलेली की तोच कोट दोनदा मोठा करता यावा. घेर ऐसपैस. काजं बायकोनं केली. आमच्या घरी काजं तीच करायची, लग्न होऊन आली तेव्हापासून. मी शिकवली आणि ती माझ्यापुढे गेली, पण गावात ती काजं नावाजली जात माझी म्हणून. तिनंही कधी हटकलं नाही.

ठरल्या दिवशी कोट फडक्यात बांधून गेलो. ती आधीच आली होती. तिचा कोट साहेबांच्या टेबलावर उलगडलेला होता, आणि तो पाहताच माझ्या मनात लाडू फुटले. एवढासा कोट! बाह्या आखूड आणि मनगटाशी निमुळत्या, घेर बेताचा, आणि आतल्या शिवणी चाचपून पाहिल्या तर मायेचं नाव नाही. पहिल्या धुण्यात हा कोट झबलं होणार. मी साहेबांना तसं हळूच सुचवलंसुद्धा.

साहेबांनी कारखान्यातल्या एका कामगाराला बोलावलं आणि माझा कोट घालायला सांगितला. समोरच्या टेबलावर काचेच्या लहान लहान बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या. त्या उचलून पलीकडच्या खोक्यात ठेवायच्या, एवढंच काम. तो गडी हात पुढे करायचा आणि बाही त्याच्या बोटांवर यायची. त्यानं ती वर दुमडली. ती पुन्हा खाली आली. तिसऱ्या खेपेला बाहीची कड बाटल्यांवरून फिरली आणि एक बाटली जमिनीवर पडून फुटली. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मी भांडलो तरी असतो.

"मास्तर," साहेब म्हणाले, "तुमची शिवण झकास आहे. पण हा माणूस आता वाढायचा नाही."

मी म्हटलं, धुतल्यावर बसंल साहेब, कापड आटतंय. साहेबांनी त्या बाईकडे पाहिलं. मला वाटलं आता हिची फजिती. ती खाली मान घालून, मोडक्यातोडक्या मराठीत पण स्पष्ट बोलली. कापड आधीच धुतलं होतं, जितकं आटायचं तितकं आटून गेलं, मग बेतलं. त्या गड्यानं तिचा कोट घातला आणि सगळ्या बाटल्या खोक्यात भरल्या. कोट त्याच्या अंगावर असल्याचं त्याच्या ध्यानातही नव्हतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाटली फुटली त्याचं नाही. तिनं जे केलं त्याला मी येडेपणा म्हणून गावभर हसलो होतो, आणि ते साधं होतं. कापड आधी धुवायचं. बस. एवढी साधी गोष्ट माझ्या बापाला नाही सुचली, मला नाही सुचली, आणि दुकानाच्या गादीवर बसलेल्या बाईला सुचली. हातात नवं मशीन, डोक्यात नवी अक्कल. देव द्यायला बसतो तेव्हा एकाच पदरात टाकतो की काय?

काम तिला मिळालं. मी फडकं खांद्यावर टाकून घरी आलो आणि ओट्यावर बसून राहिलो. येणारेजाणारे विचारत, काय झालं मास्तर? मी म्हणे, विचार चाललाय साहेबांचा. गावाला सगळं कळलेलं होतं, तरी विचारत. अशी गावं.

थोड्याच दिवसांनी ती बाई आमच्या दारात आली. पांढरी ओढणी डोक्यावर, हातात पापडांचं पुडकं. बायकोनं तिला पाट दिला, चहा केला. बाई मला म्हणाली, काम फार आलंय, बायांना कापायचा सराव नाही, कापड वाया जातंय. आणि मग सरळ मुद्द्यावर आली.

"तुमचा हात मी पाहिला आहे, मास्टरजी. कटाई तुम्ही करा. माप माझं, कात्री तुमची."

चांगलं बोलली. आज मला ते कळतं, आणि तेव्हाही कळत होतं. पण तिच्या त्या बराकीत, तिच्या मापानं, तिच्या बायांमध्ये बसून मी कापत बसायचं? गावातली पोरं दारातून डोकावून बघणार, आमचा शिंपी कॅम्पवालीकडे कामाला आहे म्हणून?

"माझी कात्री दुसऱ्याच्या कोटाला लागायची न्हाई," मी म्हटलं.

बाई चहा संपवून उठली. तेवढ्यात बायकोनं विचारलं, बाई, तुमच्याकडं काजं कोण करतंय? बाई म्हणाली, तीच तर मोठी अडचण आहे, धड कुणालाच येत नाहीत. माझी बायको पदर खोचत म्हणाली, उद्यापासून मी येते. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही. मी तोंड उघडेपर्यंत दोघी बोलत बोलत कोपऱ्यापर्यंत पोचल्या होत्या.

बायको कॅम्पात जायला लागली. सकाळी भाकऱ्या करून जायची, दिवेलागणीच्या आत परत. येताना तोंडावर हसू. तिकडच्या बाया कशा गातात, काय खातात, बाईच्या सासूबाई कशा चिडतात, सगळं सांगायची. मधूनच एखादा सिंधी शब्द फेकायची. एक दिवस सांगायला लागली, की तिनं केलेलं काज त्या बाईनं सगळ्यांपुढे धरलं आणि म्हणाली, असं पाहिजे. सांगताना तिचा चेहरा असा उजळला होता की इतक्या वर्षांच्या संसारात मी तो तसा पाहिला नव्हता. मला कुणाचा हेवा वाटायचा ते आता मला नीट सांगता येईना. आधी बाईचा वाटत होता, मग मशीनचा, आता माझ्याच बायकोचा. मी म्हटलं, एका काजाचं एवढं कौतुक? ती म्हणाली, "एका काजाचंबी तुमी कदी केलं न्हाई." आणि कणीक मळायला लागली.

ओट्यावर आता माशा बसायच्या. लग्नसराईत एकाच घरचं बोलावणं आलं, तेही जुन्या ओळखीपोटी. बाकीच्यांनी कॅम्पातून आणलं. त्यांच्या पोरांच्या अंगावर सदरे कसे नेटके बसायचे! आया म्हणायच्या, वाढला तर दुसरा घेऊ. दुसरा घेऊ! हे वाक्य आमच्या गावात मी जन्मात ऐकलं नव्हतं. लढाई संपल्याला एवढी वर्षं झाली होती, आणि मला वाटतं, ती खरी संपली ते त्या वाक्यानं. माणसांना पुढच्या वर्षीची खात्री वाटायला लागली होती. फक्त माझंच पुढचं वर्ष कुठं दिसत नव्हतं.

शेवटी मशीनला तेल दिलं, गोणपाटात बांधलं आणि माळ्यावर टाकलं. कारखान्यात नाव नोंदवलं. बाटल्या धुण्याच्या खात्यात जागा होती. बायकोला सांगितलं तेव्हा तिनं ताटात भाकरीवर जरा जास्त लोणी घातलं.

पहिल्या दिवशी स्टोअरच्या खिडकीशी आम्हा नव्या माणसांची रांग लागली. प्रत्येकाला एकेक पांढरा कोट. माझी पाळी आली तेव्हा खिडकीत तेच साहेब उभे होते. त्यांनी मला ओळखलं, जरा अवघडले, आणि माझ्या खांद्यांकडे पाहून ढिगातला एक कोट काढून दिला.

मी तो घातला. मनात म्हणत होतो, काखेत कचू दे, पाठीत ओढू दे, काहीतरी होऊ दे. हात वर केले. पुढे केले. वाकून पाहिलं. कुठंही काही नाही. मनगटावर जिथं थांबायला हवी तिथंच बाही थांबली होती. शिंप्याच्या पोटी जन्मलो, पहिली कुंची आईनं शिवली, पुढं बापानं शिवलं, मग माझं मीच शिवलं, तेही उरल्यासुरल्या कापडातून. परक्यानं शिवलेला कपडा त्या दिवसापर्यंत माझ्या अंगाला लागला नव्हता. आणि अंगाबरोबर बसणं म्हणजे काय असतं ते मला तेव्हा कळलं, या वयात, बाटल्या धुवायला जाताना. मला रडू येईल असं वाटलं, इतका राग आला.

"कसा आहे, मास्तर?" साहेबांनी विचारलं. "तुम्हाला त्यातलं कळतं."

मागे रांग खोळंबली होती. मी बटणं लावली. एकेक बटण काजात अलगद बसत गेलं.

"काजं माझ्या बायकोची हायेत," मी म्हटलं.

ते हसून बरं म्हणाले. बाकीचा कोट कुणाच्या हातचा, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.